वांग्याचं काय जाते

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे असं कोणी विचारलं, तर मी आईवडिलांच्याही आधी गोविंदराव हटवारांचं नाव घेईन. आईवडिलांना त्याचं वाईट वाटणार नाही, कारण तेही हेच नाव घेतात. भिलाईच्या हुडको बाजारात मात्र हे नाव सांगून उपयोग नाही. तिथे "कच्चं वांगं खाणारे बाबूजी" म्हणायचं. मग कोणतीही भाजीवाली हात करून त्यांचं घर दाखवील.

मी त्यांना काका म्हणायचो. संध्याकाळी काका पिशवी घेऊन निघत. पिशवीत एक लहान चाकू आणि पाण्याची बाटली. टोपलीसमोर उकिडवं बसायचं, एकेक वांगं उचलायचं, देठाजवळ नखाएवढी चकती कापायची, ती तोंडात टाकून डोळे मिटायचे. मग बाटलीतल्या पाण्यानं चूळ भरून नालीत टाकायची आणि निकाल सांगायचा. "पास." नाहीतर, "रिजेक्ट."

त्यांची नेहमीची भाजीवाली फिरंतिन नावाची म्हातारी होती. रसमड्याच्या पलीकडच्या गावातून टोपली घेऊन यायची. छत्तीसगढीत वांग्याला भांटा म्हणतात. ती कपाळावर हात मारून ओरडायची, "बाबूजी, ये भांटा ए, आमा नोहय! कच्चा झन खाव, मुंह खजुवाही!" म्हणजे हा काही आंबा नाही, तोंड खाजेल.

काका शांतपणे मराठीत उत्तर देत, "बाई, सँपल पास झाल्याशिवाय हीट पुढं जात नाही."

तिला यातलं अक्षर कळत नसे. पण नापास झालेली वांगीसुद्धा काका विकतच घेत, तेव्हा तिचंही काही अडत नव्हतं.

हे सँपल आणि हीट काय, ते सांगायला हवं. काकांनी सगळी नोकरी स्टील प्लांटच्या लॅबमध्ये केली. भट्टीतून एका वेळी पोलादाचा जो घाणा निघतो त्याला तिथे हीट म्हणतात. प्रत्येक हीटचा एक तुकडा लॅबमध्ये यायचा, काका तो तपासायचे, आणि त्यांचा रिपोर्ट गेल्याशिवाय पुढचं काम हलायचं नाही. नोकरी संपली तरी सवय संपली नाही. सोफ्याचं कापड घ्यायचं, तर दुकानदाराकडून वीतभर तुकडा मागून तो आठ दिवस बाहेरच्या खुर्चीवर अंथरायचा आणि त्यावर बसून पाहायचं. कुलरची गवतजाळी घ्यायची, तर मूठभर गवत घरी आणून भिजवून हुंगायचं.

माझंही सँपल घेतलं गेलं. मी मूळचा आमगावकडचा. वडील राइस मिलमध्ये हमाल. आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. मी बारावी झालो आणि रसमड्याच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागलो. खोली शोधत हुडकोत आलो. काकांची मागची खोली रिकामी होती. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "शिकून राहिला का सोडलं?"

"सोडलं."

"कावून?"

मी खोलीचं भाडं विचारलं. काका म्हणाले, "बाहेरून बी.ए. कर. आज संध्याकाळी पुस्तक घेऊन बसून दाखव. सँपल पाहू."

पुस्तक माझ्याकडे नव्हतं. त्यांनीच कपाटातून प्लांटच्या सुरक्षा नियमांचं हिंदी पुस्तक काढून दिलं. भट्टीजवळ जाताना कोणते बूट घालावेत, हे मी संध्याकाळभर वाचत बसलो. काका खिडकीतून दोनदा डोकावले. शेवटी आत आवाज दिला, "अवो, चहा आण. पोट्टा पास हाय."

तेव्हापासून ते मला "बी.ए." अशीच हाक मारत. परीक्षेचा पत्ता नव्हता, तरी मी त्या घरात पहिल्या दिवसापासून बी.ए. होतो.

काकू, सुलोचनाकाकू, बारीक चणीच्या आणि तिखट जिभेच्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्यावर दोघंही बोलत नसत. बाकी सगळ्यावर बोलत. "अख्खी नोकरी लोखंड तपासण्यात गेली यायची," काकू मला सांगत, "पण मले पाहाले आले तवा काई सँपल मांगतलं नाई."

काका पेपरातून डोकं न काढता म्हणत, "तवा मी लॅबमंदी लागलो नव्हतो."

"लागले असते तं?"

"तं तुह्या बापाकडं एकदा जेवाले थांबलो असतो."

काकू हसता हसता पदर तोंडाला लावत. स्वयंपाक त्या उत्तम करत. त्यांची खरी भाजी म्हणजे आलू-वांगं. भंडारा-गोंदियाकडे लग्नाच्या पंगतीत असते तशी, पातळ रश्शाची, वर तेलाचा तवंग. काकू म्हणत, "लगनाची भाजी खाल्ली का मले माहेर आठवते." त्या काळी काका स्वयंपाकघरात पाणी प्यायलासुद्धा जात नसत.

मग काकूंच्या पोटात गाठ निघाली.

रायपूरला दाखवायला गेलो तेव्हा मी बरोबर होतो. डॉक्टर तरुण होते, नीट समजावून सांगत होते. औषध शिरेतून जाईल, केस गळतील, भूक मरेल. "और मुंह का स्वाद बिगड़ जाएगा. सब कड़वा लगेगा. पर खिलाना ज़रूरी है. जो मन करे, खिलाइए." आम्ही तिघांनीही ते ऐकलं. येताना बसमध्ये काका खिडकीबाहेर पाहत होते आणि काकू माझ्या कारखान्याच्या चौकशा करत होत्या.

औषध सुरू झालं आणि काकूंचं जेवण तुटलं. खिचडी नको, दूध नको. डॉक्टर दर वेळी वजन करत आणि दर वेळी मान हलवत. वजन असंच उतरत राहिलं तर पुढचं औषध देता येणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. एका दुपारी काकू पडल्या पडल्या म्हणाल्या, "वांग्याची भाजी खावीशी वाटून राहिली जी."

काका उठले. त्या वयात ते पहिल्यांदा गॅसपुढे उभे राहिले. मी मसाला वाटून दिला. भाजी झाली. काकूंनी एक घास घेतला आणि तोंड वेडंवाकडं केलं.

"कडू हाय."

काकांनी ताट उचललं, स्वयंपाकघरात आले आणि मला म्हणाले, "वांगं खराब होतं."

मी चाखून पाहिलं. वांगं खराब नव्हतं. थोडं तिखट झालं होतं इतकंच.

दुसऱ्या दिवसापासून बाजारातले ते चाकूचे प्रयोग सुरू झाले, आणि घरी आल्यावर खरं काम. वांग्याचा कडूपणा काढायचे जेवढे उपाय भिलाईत कोणाला माहीत होते, तेवढे काकांनी गोळा केले. वांगं हातात घेऊन हलकं लागलं पाहिजे, जड असेल तर आत बी धरलेलं असतं. देठ हिरवा हवा. चिरलं की लगेच मिठाच्या पाण्यात, नाहीतर काळं पडतं. शेजारच्या बाईंनी सांगितलं, नुसतं पाणी नको, फोडींना मीठ चोळून ठेवा, घाम सुटतो त्याबरोबर कडूपणा निघतो. स्मृति नगरात राहणाऱ्या एका जुन्या साहेबांच्या बायकोनं ताकात भिजवायला सांगितलं. कोणी म्हणालं बिया चमच्यानं खरवडून काढा, कोणी म्हणालं सालाचे पट्टे काढा. काका सगळं करत, आणि एका वांग्यावर सगळंच.

एका मित्रानं त्यांना सांगितलं, देठाकडचा तुकडा कापून त्याच जागी गोल गोल घासायचा, फेस निघतो. काका अर्धा तास वांगं घासत बसले. शेवटी मला बोलावलं. "काय रे बी.ए., याचा फेस कावून नाही निघून राहिला?"

"काका, ते काकडीचं असतं."

काकांनी वांग्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आतून काकूंचा आवाज आला, "काकडीनं सांगतलं नसंल वांग्याले!" किती तरी दिवसांनी त्या खोलीतून हसणं ऐकू आलं. काकांनी ते वांगं खाली ठेवलं आणि दुसरं घासायला घेतलं. मला वाटतं, मुद्दाम.

मीठ लावलेल्या फोडींवर वजन ठेवावं लागतं, म्हणजे पाणी नीट सुटतं. वरवंटा काकांना पटला नाही, तो एका बाजूला कलंडतो. त्यांनी कपाटातून रुळाचा तुकडा काढला. निवृत्तीच्या दिवशी खात्यातल्या लोकांनी दिलेली भेट होती ती. भिलाईच्या रुळाची कापून घासून आरशासारखी केलेली चकती, खाली लाकडाची बैठक, तिच्यावर पितळी पट्टीत काकांचं नाव. काकांनी पेचकस घेऊन बैठक काढून टाकली. परातीत वांग्याच्या फोडी, त्यावर ताटली, ताटलीवर रूळ. "याच्यावरून मालगाडी जाते," ते मला म्हणाले, "वांग्याची काय मजाल!"

माझा अभ्यास त्याच टेबलावर चाले. माझ्या इतिहासाच्या पुस्तकांवर अजून वांग्याच्या पाण्याचे तपकिरी डाग आहेत. भाजी झाली की काका वाटी घेऊन काकूंच्या पलंगाशी उभे राहत. "रिपोर्ट दे."

काकू जिभेवर तुकडा फिरवत. "कडू हाय जी."

"ठीक हाय. रिजेक्ट."

आणि ते परत येऊन नवीन वांगं चिरायला घेत. रिजेक्ट माल माझ्या ताटात पडे. कारखान्यातून भुकेला येणारा मी, पोळीबरोबर गंजभर, म्हणजे पातेलंभर, भाजी संपवत असे. ती भाजी फार चांगली असायची. दिवसेंदिवस आणखी चांगली होत होती. कारखान्यात माझे मित्र विचारायचे, घरमालक जेवायला काय घालतो, अंगावर मांस चढलंय. काकूंच्या वाट्याचं मी खात होतो, हे मला कळत होतं.

एकदा मला राहवलं नाही. काका वाटी घेऊन परत आले तेव्हा मी म्हणालो, "काका, वांगं कडू नाही. डॉक्टर म्हणाले होते ना, तोंडच..."

काकांनी माझा दंड धरला आणि मला मागच्या अंगणात नेलं. मला वाटलं, आता खोली सोडायला सांगतात.

"डॉक्टर बोलला ते मीबी ऐकलं," ते हळू आवाजात म्हणाले. "कान हाय मले. मंग काय, तिले सांगू का मी, का वांगं चांगलं हाय, तूच खराब झाली?"

त्यांनी माझा दंड सोडला.

"वांगं खराब मनलं का उद्या दुसरं आणता येते. तिची आस राह्यते, माहीबी राह्यते. सारं वांग्यावर ढकलतो न मी. वांग्याचं काय जाते?"

त्यांनी धोतराच्या टोकानं चष्मा पुसला. "जाय. पुस्तक घे. माही भाजी जळंल."

त्यानंतर मी कधी काही बोललो नाही. काकू कडू म्हणाल्या की मीही घास घेऊन मान हलवत असे. "हो काकू, जरा कडवटच आहे आज." त्या माझ्याकडे पाहत राहत. त्या नजरेचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

उन्हाळा लागला. उन्हाळ्यात वांगं जून होतं, बी धरतं, फिरंतिनसुद्धा टोपलीत चारच ठेवायची. एके दिवशी रायपूरला सकाळपासून संध्याकाळ झाली. त्या दिवशी डॉक्टरांनी औषध दिलं नाही. काकांना बाजूला बोलावून सांगितलं, आता घरीच ठेवा, जे आवडेल ते खाऊ घाला.

घरी पोचलो तर दिवे लागले होते. काकूंना पलंगावर निजवलं. त्या म्हणाल्या, "अजी, वांग्याची भाजी करता का?"

बाजार उठत आला होता. मी धावत जाऊन मिळाली ती वांगी आणली. काकांनी त्या दिवशी चकती कापली नाही, मीठ लावलं नाही, रूळ ठेवला नाही. वांगी चिरली, तशीच फोडणीत टाकली. वाटी घेऊन गेले, पण "रिपोर्ट दे" म्हणायचंही विसरले.

काकूंनी घास घेतला. दुसरा घेतला. पोळीचा तुकडा मागितला. वाटी पुसून खाल्ली आणि म्हणाल्या, "आज जमली जी तुमाले. बिलकुल कडू नाई."

काकांचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येणार नाही. ते वाटी घेऊन जवळजवळ पळतच स्वयंपाकघरात आले. "बी.ए.! पास झाली! पास!" मला एक फोड दिली, एक स्वतःच्या तोंडात टाकली.

वांगं कडू होतं. जून, बियांनी भरलेलं, तोंडात धरवत नव्हतं इतकं कडू.

काकांनी ती फोड चावून गिळली. आतून काकूंनी विचारलं, "तुमी जेवले का?"

"जेवून राहिलो," काका मोठ्यानं म्हणाले. मग गंज पुढ्यात ओढून खाली बसले आणि ती भाजी खायला लागले. मी थांबवायला गेलो तर हात बाजूला सारून म्हणाले, "पास झालेला माल हाय. फेकाचा नसते." सगळा गंज त्यांनी एकट्यानं संपवला.

काकू त्याच आठवड्यात गेल्या.

आमच्याकडे तेरवीच्या जेवणात आलू-वांग्याची भाजी असते. अंगणात मंडप होता, आचारी वांग्यांचा ढीग चिरत होता. काकांची ख्याती त्यालाही माहीत होती. त्यानं एक चकती कापून आदरानं पुढे केली. "काका, सँपल पाहून घ्या."

काकांनी चकती हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि परत परातीत ठेवली. "टाका तुमी," म्हणाले, "आता चालते."

त्यानंतर त्या घरात वांगं आलं नाही. फिरंतिन मला अडवून विचारायची, "बाबूजी काबर नइ आवय?" का येत नाहीत, याचं उत्तर मी दर वेळी वेगळं द्यायचो. काकांनी डबा लावला होता, तोही अर्धा परत जायचा. रुळाचा तुकडा दाराला अडण म्हणून जमिनीवर पडलेला असायचा.

माझा निकाल लागला तेव्हा मी त्यांच्या पाया पडलो. त्यांनी पहिल्यांदा मला नावानं हाक मारली. "देवीदास," म्हणाले, "ती असती तं चहा ठेवला असता." मग उठून त्यांनीच ठेवला.

पुढे मी बी.एड. केलं आणि कांकेरजवळच्या एका शाळेत शिक्षक झालो. लग्न झालं, मुलगी झाली. आमच्याकडे वांगं मीच करतो. मीठ, ताक, वजन, सगळं काकांच्या पद्धतीनं, आणि आजपर्यंत ते एकदाही कडू झालेलं नाही. माझी बायको धमतरीची. ती पाहुण्यांना सांगते, यांच्या हातचं वांगं खाऊन पाहा.

काकांना फोन केला की ते म्हणतात, "बरं हाय." जेवलात का? "जेवलो." इकडे येता का? "पाहू." आणि ठेवून देतात. मागच्या महिन्यात शेजारच्या बाईंचा फोन आला. काका फार वाळलेत, डबा दोन-दोन दिवस दाराशी तसाच पडून असतो. मी जाऊन त्यांना आणायचं म्हणालो, तर बाई म्हणाल्या, असे ते यायचे नाहीत. कोणावर भार व्हायचा नाही, हेच धरून बसलेत.

म्हणून मी फोन न करता हे पत्र पाठवलं.

तीर्थस्वरूप काकांना साष्टांग नमस्कार.

आम्ही सगळे बरे आहोत. पत्र लिहायचं कारण थोडं अडचणीचं आहे. इथे माझं वांगं फार कडू होतं आहे. तुम्ही शिकवलं तसं सगळं करतो, मीठ लावतो, ताकात ठेवतो, तरी जमत नाही. तुमची सून घास घेते आणि ताट सरकवते. मुलगी तर वांगं पाहिलं की उठूनच जाते. मी रोज दुसरी वांगी आणतो आणि रोज रिजेक्ट होतात.

इथल्या बाजारात कोणती घ्यावीत ते मला कळत नाही. मी कच्चं खाऊन पाहिलं, पण तुमच्यासारखी जीभ मला नाही. तुम्ही येऊन सँपल घेतल्याशिवाय या घरात वांगं पास होणार नाही. थोडे दिवस लागतील, कारण इथे वांग्याच्या जाती फार आहेत.

येताना रुळाचा तुकडा लागेल. दगडानं पाणी नीट सुटत नाही. पण तो जड आहे, एकट्यानं उचलू नका. रविवारी मी घ्यायला येतो.

तुमचा,
बी.ए.